सोमवारपर्यंत

एवढंसं कुलूप. पितळी, कडेनं हिरवट पडलेलं. हातोडीचा एक घाव, बस्स... हातोडीही नको, कारखान्यातली गणवेशाचं कापड कापायची मोठी कात्री कडीत अडकवून एक हिसका दिला तरी तुटेल, आणि मग हे लोखंडी कपाट उघडेल, आतून आपण विकत घेतोय त्या चनबसप्पाकाकांच्या घराची मूळ कागदपत्रं बाहेर येतील, आणि दुसरा कुठलाही वकील, रस्त्यावरून जाणारा कुठलाही काळा कोट, खरेदीखत करून देईल. पण किल्ली गुरुराज वकिलांच्या खिशात, आणि खिसा कोल्हापुरात.

"साहेब हायकोर्टाच्या बेंचला गेलेत, ताई," त्यांचा कारकून शिवप्पा म्हणाला. "अर्जंट निघालं."

"काल तुम्हीच म्हणालात, आज अकराला या."

"मला त्यांनी तसंच सांगितलं की. चहा मागवू?"

चहा! या बाकावर बसून ढोसलेल्या चहानं एव्हाना तिच्या आतड्यांचं कमावलेलं कातडं झालं असेल. आज नळाला पाणी येण्याचा दिवस. चार-पाच दिवसांनी एकदा येणारं पाणी सोडून, अर्धा दिवस रजा टाकून, घरात रिकामी पिंपं ठेवून ती इथं आली — आणि हा म्हणतो चहा. तळपायाची आग मस्तकात गेली. आता बोलायचं. आता याच्या टेबलावर हात आपटून सांगायचं, की कागद द्या, नाहीतर मी इथून हलत नाही...

"नको, राहू दे अण्णा. साहेबांना फक्त आठवण करा हं," ती म्हणाली. आणि वर हसली.

जिना उतरताना तिला स्वतःच्याच तोंडाची किळस आली. माझं तोंड माझं ऐकत नाही. पोटात एवढा जाळ असतो, आणि वर येईपर्यंत त्याचं 'साहेब', 'हं', 'प्लीज' होऊन जातं. लहानपणापासून मोठ्या माणसांपुढं आवाज चढवायचा नाही हे इतकं मुरलंय, की समोरचा हातावर तुरी देऊन गेला तरी आपण त्याला दारापर्यंत पोचवायला जाणार.

आणि हा वकील शोधला कुणी? बिरुदेवनं. नवरा म्हणून माणूस सोन्यासारखा, पण त्याची वकील पारखण्याची कसोटी एकच — "आपल्या वळसंगचा हाय गं." वळसंगचा आहे! म्हणजे काय, वळसंगची माणसं किल्ल्या खिशात घालून गावोगाव हिंडत नाहीत? आताही तिनं फोन लावला तर पलीकडून त्याचा तोच थंड आवाज, "होईल की. लई डोस्क्याला लावून घेऊ नको." तिनं फोन ठेवला. 'होईल की.' हे दोन शब्द त्याच्या जिभेवरून खरवडून काढता आले असते तर...

खरी चूक मात्र दोघांची. दोघांची कशाला, सगळ्या घराची. सासूबाईंनी गावाहून मुहूर्त काढून आणला, पुढं पौष लागतो म्हणाल्या, आणि खरेदीखत आठवड्यावर आलंय म्हणून या दोघांनी कागदाआधी वास्तुशांत उरकून घेतली. चनबसप्पाकाकांनीच आपणहोऊन दार उघडून दिलं होतं. "मुहूर्त कशाला चुकवायचा? घर तुमचंच आता." ते पुढच्या खोलीत राहत होते, आणि मागं त्यांच्याच स्वयंपाकघरात तिनं दूध उतू घालवलं. कोपऱ्यातली फरशी उखडून भटजींनी वास्तुपुरुष पुरला, वर सिमेंट लिंपलं. काका पाहुण्यांच्या पंगतीत बसून जेवले, पोळी मागून घेतली, आणि म्हणाले, माझ्याच घरात मी पाहुणा, लई मजा वाटाय लागलीय. सगळे हसले. तीही हसली... तेव्हा हसायला काय जात होतं?

आता आमचा देव दुसऱ्याच्या फरशीखाली, आणि आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत. कारखान्यातल्या बायका रोज विचारतात, "राहायला कधी जाणार?"

आणि गेल्या आठवड्यापासून काका दवाखान्यात.

छातीत कफ. वय ऐंशीच्या पुढं. मुलगे तीन, तीन गावांना, एकमेकांचं तोंड न बघणारे. काका आहेत तोवर एका माणसाची सही. काका नसले की तीन सह्या, तीन वकील, आणि दहा-पंधरा वर्षं. हे तिला कुणी समजावून सांगावं लागलं नव्हतं.

दुपारी डबा घेऊन ती दवाखान्यात पोचली. दोन खाटांची लहानशी खोली. तिनं आधी काकांच्या बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा ऑक्सिजनचा आकडा पाहिला, मग तोंड पाहिलं. कालच्यापेक्षा एकानं वर... तिला बरं वाटलं. खूपच बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्यात कुठंतरी खडा लागल्यासारखं झालं.

"आली बघा," काका शेजारच्या खाटेवरच्या माणसाला म्हणाले. "माझं घर घेनारी. पोरं फोनवर येतात, ही पायानं येते."

ती खाली मान घालून डबा उघडत राहिली. मऊ भात, वर पातळ आमटी. त्यांना टेकवून बसवताना पाठीची हाडं हाताला लागली. माझे वडील असते तर मी असंच केलं असतं, तिनं स्वतःला बजावलं. असंच केलं असतं ना? आकडा आधी पाहिला असता?

"वकील आला काय यव्वा?" ते तिला नेहमी यव्वाच म्हणत, लेकीला म्हणावं तसं.

"कोल्हापूरला गेलेत, काका."

"येऊ दे की सावकाश. मी कुटं पळून चाललोय?" ते हसले, आणि हसता हसता खोकला लागला. खोकला थांबेना. ती पाठ चोळत होती, आणि डोक्यात — नको, आत्ता नको, एवढी सही होऊ दे, मग...

मग काय?

तेवढ्यात फोन वाजला. गुरुराज वकील! पाण्याचा पेला काकांच्या हातात देऊन ती धावतच व्हरांड्यात आली. "हां ताई, शिवप्पा म्हणाला तुम्ही येऊन गेलात. सोमवारी नक्की करू. या आठवड्यात काही जमत नाही बघा," एखाद्या लग्नाची तारीख ठरवावी अशा मोकळ्या आवाजात ते म्हणाले. मागं भांडी वाजत होती. जेवत होता. हा जेवत होता!

आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडानं तिचं ऐकलं.

"सोमवारपर्यंत तो म्हातारा टिकला नाही म्हणजे? मेला म्हणजे मी कुणाची सही घेऊ? तुमची?"

कोपऱ्यावरची नर्स वळून बघायला लागली. वकील काहीतरी बोलत होते — अहो ताई, असं कसं, शांत व्हा — पण तिनं फोन कानापासून खाली घेतला, आणि मग वळून पाहिलं. खोलीचं दार तिनं लावलंच नव्हतं. घाईत नुसतं लोटलं होतं, आणि ते सावकाश परत उघडलं होतं.

आतला खोकला थांबला होता.

तो आधीच थांबला होता की आत्ता? तिला आठवेना. तिनं राग शोधला. सकाळपासून जपून आणलेला, हक्काचा, एकाच माणसावरचा राग. वकिलाचा चेहरा डोळ्यांसमोर आणला, त्याचा खिसा, खिशातली किल्ली, तोंडातला घास... सगळं आलं, राग तेवढा आला नाही. 'म्हातारा.' हा शब्द माझ्यात कधीपासून होता? रोज काका काका म्हणत भात कालवताना तो जिभेखाली बसून होता का?

"रुपाली," आतून हाक आली. "डबा राहिलाय बघ तुझा."

आवाज नेहमीसारखाच होता. पण आजवर त्यांनी तिला कधी नावानं हाक मारली नव्हती.