तीन नंबरचा संशयखोर

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि आधीच सांगून ठेवतो, माझा कोणावरही विश्वास नाही. तुमच्यावरही नाही. राग मानू नका, माझा स्वभावच तसा!

अंबडला दिनेशभाऊंचे इंटरनेटचे दुकान होते. २००२ साली मी तिथे आलो आणि माझ्या कपाळावर तीन नंबरची चिठ्ठी चिकटली. कोणी वेबसाइटचा पत्ता टाकला की मी तो डोळ्यांत तेल घालून तपासायचो. आधी आणलेल्या पानाच्या पत्त्याहून एक टिंब जरी वेगळे दिसले, तरी तो परका. मग बाहेर जाऊन नवे पान आणायचे. पत्ता हुबेहूब तोच असला, तर मात्र साठवलेले पान पुढे करायचे. ही शिस्त दिनेशभाऊंची. टेलिफोनची लाइन रडतखडत चालायची, म्हणून एकदा आणलेले पान पुन्हा मागायचे नाही, असे त्यांनी मला बजावले होते. पान ताजे करायच्या बटणावर तर त्यांनी चिकटपट्टीच मारली होती.

एकदा मोहिनी आली. तिचे वडील जवळच्याच कारखान्यात कामाला होते आणि तिला नर्सिंगला जायचे होते. सकाळी तिने कॉलेजचा पत्ता टाकला. पानावर होते, 'निकाल अजून लागलेला नाही.' दुपारी तिने तोच पत्ता टाकला, मी तेच पान दिले. तेवढ्यात दुकानातला फोन वाजला. नाशिकरोडहून तिची मैत्रीण चैताली बोलत होती.

"अगं, तुझं नाव लागलंय! आज पाचच्या आत कागदपत्रं घेऊन जा, नाहीतर जागा दुसऱ्याला देतील!"

"इथे तर निकालच नाही म्हणतंय. चेष्टा करतेस ना? मागेही असंच रडवलं होतंस."

"आईशप्पथ खरं! मी पत्त्यातले पहिले तीन डब्ल्यू टाकलेच नव्हते. तू तसं करून बघ."

मोहिनीने ते दिनेशभाऊंना सांगितले. ते हसले. "डब्ल्यू लाव नाहीतर नको लावू, घर एकच. थापा मारतेय ती."

मोहिनीचा चेहरा पडला. तरी उठता उठता तिने तीन डब्ल्यू गाळून पत्ता टाकलाच.

हा कोण नवा? मी ह्याला ओळखत नाही! साठवलेले पान मी दिलेच नाही. थेट कॉलेजच्या दारात जाऊन नव्याने विचारले. कुंथत कुंथत पान उतरले आणि त्यात मोहिनीचे नाव होते.

"भाऊ, आहे! माझं नाव आहे!" ओरडतच ती वडिलांना गाठायला कारखान्याकडे पळाली. घर एकच होते, हे भाऊंचे खरेच. पण मी ते मानले असते, तर पोरीची जागा गेली असती. मला माझ्या संशयाचा फार अभिमान वाटला.

पुढे मी कुरकुरू लागलो. भाऊंनी माझी चिठ्ठी काढून नव्या संगणकाला लावली आणि मला माळ्यावर टाकले.

काही वर्षांनी मोहिनी पेढे घेऊन आली. तिला सरकारी दवाखान्यात नोकरी लागली होती.

"भाऊ, तो तीन नंबर आहे का अजून?"

"हा काय!"

तिने त्या नव्याच्या डोक्यावरून हात फिरवला. पुढ्यात पेढा ठेवला. "तुझ्यामुळे झालं रे बाबा," म्हणाली. वर धूळ खात मी सगळे ऐकत होतो. मला फार फार वाईट वाटले.

मित्रांनो, जुन्या यंत्रांवरून अधूनमधून फडके तरी मारत जा. आणि चिठ्ठीवरचा नंबर बघून कोणालाही आपला मानू नका, आधी एकदा नव्याने विचारा. तो पेढा माझा होता.