चौथ्या गटाची लेखनिक

पिन गंजली होती. पुठ्ठ्याच्या गोल बिल्ल्यामागे ती चिकटपट्टीने बसवलेली, आणि चिकटपट्टीची कड पिवळी पडून उचकटलेली. बाईंनी ती नखाने दाबली, ती पुन्हा वर आली. पुढच्या बाजूला जाड निळ्या अक्षरांत ‘लेखनिक’. गटप्रमुख, वाचक, लेखनिक, निवेदक... चार मुलांचा एक गट, चौघांना चार कामं, आणि दर सोमवारी बिल्ले फिरायचे. आज खाली मान घालून लिहिणारा पुढच्या आठवड्यात निवेदक व्हायचा, सगळ्या वर्गासमोर उभा राहून गटाचं म्हणणं सांगायचा. सगळं मर्म या फिरण्यात आहे, असं बाई वीस वर्षं नव्या शिक्षकांना सांगत आल्या होत्या. आजही बारा जण शिकायला आले होते, आणि आजही तेच सांगायचं होतं.

सकाळी निघताना नवरा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला होता, “तुझी ही पद्धत आपल्या घरात कधी येणार? इथे गटप्रमुख कायमचा ठरलेला आहे.” त्या हसल्या होत्या. हसू जिन्यापर्यंत टिकलं, मग कुठेतरी अडकलं... कारण एका वर्षी एका गटात लेखनिकाचा बिल्ला फिरला नव्हता, आणि हे आता फक्त त्यांच्या लक्षात असावं. त्यांच्या आणि मुंगीच्या.

मुंगी हे नाव वर्गानेच ठेवलेलं. अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं, बारीक आणि सरळ, एकही ओळ वाकडी नाही. त्या वर्षी वरिष्ठ अधिकारी वर्ग बघायला यायचे होते, भिंतीवर तक्ते लावायचे होते, आणि चौथ्या गटाचा तक्ता असा दिसायचा की येणाराजाणारा थांबून वाचत राही. पहिला सोमवार गेला. दुसऱ्या सोमवारी मुंगी टेबलाशी आली, बिल्ला काढून तळहातावर ठेवलेला. “बाई, आज मी निवेदक होऊ?” बाई म्हणाल्या, “पुढच्या सोमवारी हं.” किती सहज म्हणाल्या... किती सोमवार म्हणाल्या! शेवटी तिने विचारणंच सोडलं, आणि बाईंना हायसं वाटलं — हो, हायसंच. आता त्याला दुसरं नाव देण्यात अर्थ नव्हता.

अधिकारी आले. तक्त्यापुढे उभे राहिले. वेड्यावाकड्या दगडाचं घनफळ कसं काढायचं — मोजपात्रात पाणी, पाण्यात दगड, पाणी किती वर चढलं ते बघायचं. “हे कुणी लिहिलं?” मुंगी उभी राहिली. “मग तूच सांग, पाणी काठोकाठ भरलेलं असतं तर काय केलं असतं?” ती गप्प. ओठ हलले होते. बाईंना आजही खात्री आहे की हलले होते. पण तेवढ्यात गटातला वकील — सदा बोलणारा म्हणून वकील — उठला आणि म्हणाला, सांडलेलं पाणी मोजायचं. शाबासकी मिळाली. आणि बाई अधिकाऱ्यांकडे बघून हसत म्हणाल्या, “ती आमची नुसती अक्षरवाली आहे. बोलणं तिच्या खात्यात नाही.” वर्ग हसला. अधिकारीही हसले. मुंगी खाली बसली.

महिनाभराने वह्या तपासताना तिच्या कच्च्या वहीत, त्या भेटीच्या आधीच्या तारखेखाली, पेन्सिलीने काढलेलं चित्र सापडलं: काठोकाठ भरलेलं भांडं, खाली ताट, आणि बाजूला बारीक रांगेत — सांडलेले पाणी मोजावे. बाईंनी त्या पानावर बरोबरची खूण केली. फक्त खूण. बोलावून काही म्हणता आलं असतं, वर्गासमोर म्हणता आलं असतं... वर्ष संपत आलं होतं, आणि मग संपलं.

चहाच्या सुट्टीत बारा जणांमधली एक जण कप घेऊन त्यांच्यापाशी आली. तिशीची असेल, साधी, वेणी घट्ट. बाकीचे त्यांना मॅडम म्हणत होते, ही म्हणाली, “बाई, ओळखलंत?”

हजेरीच्या कागदावरच्या सहीने बाईंना सकाळीच सांगितलं होतं. तरी त्या म्हणाल्या, “तुम्ही...” आणि मग, “तू.”

“चौथा गट,” ती हसली. “तुमच्यामुळे माझं अक्षर टिकलं बाई. आमच्या शाळेत सगळे फलक मीच लिहिते. मुख्याध्यापक दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. बाईंनी शोधला, कारण सापडला असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं, माफी मागता येते. नितळ आभारापुढे काय मागायचं? “आणि त्या दिवशी... ते अधिकारी आले होते तेव्हा—” बाईंनी सुरुवात केली.

“कुठले अधिकारी?” तिने विचारलं. खरंच विसरली होती की विसरल्याचं सौजन्य दाखवत होती, हे त्या शांत चेहऱ्यावरून कळेना. बाई म्हणाल्या, “काही नाही. चहा घे, गार होतोय.”

दुपारी बारा जणांचे तीन गट केले. बिल्ले टेबलावर मांडले, ज्याचे त्याने उचलावेत म्हणून. मुंगीचा हात सरळ लेखनिकाकडे गेला, घरातल्या दिव्याच्या बटणाकडे जावा तसा. आणि बाई नको तितक्या पटकन पुढे झाल्या, तिच्या हातातला बिल्ला काढून घेतला, निवेदकाचा ठेवला.

“आज तू सांग.”

तिने बिल्ल्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. वीस वर्षांपूर्वीसारखेच ओठ हलले. गटातले तिघे वाट बघत होते. बाईंना एकदम जाणवलं की हे आपण तिच्यासाठी करत नाही आहोत. आपल्याला हवं तेव्हा हिला गप्प बसवलं, आता आपल्याला हवं म्हणून हिने बोलायचं... त्यांचे कान तापले.

“बाई, मी लिहिते ना,” ती हळू म्हणाली. “मला लिहायला आवडतं.”

आवडतं. असेलही. काही माणसं बोलण्यापेक्षा लिहिण्यात सुखी असतात, उपजत. की त्या सगळ्या सोमवारांनी हे आवडणं घडवलं, थेंब थेंब, आणि आता ते तिचं स्वतःचं झालं, तिलाही वेगळं काढता येणार नाही असं? बाईंनी बिल्ला परत दिला.

शेवटी प्रश्न विचारायची वेळ झाली. खिडकीशी बसलेल्या एका तरुण शिक्षकाने हात वर केला. “मॅडम, समजा एखाद्या मुलाला आपलं काम बदलायचंच नसेल, तर? जबरदस्ती करायची की राहू द्यायचं?”

याचं उत्तर बाईंकडे तयार होतं. शब्द, विराम, शेवटचं हलकंसं हसू, सगळं वर्षानुवर्षं घोटलेलं. त्यांनी तोंड उघडलं आणि ते उत्तर आलं नाही.

“मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या.

कुणीतरी खुर्ची सरकवली. दुसऱ्या रांगेत मान खाली घालून मुंगीने तेही वाक्य लिहून घेतलं, त्याच बारीक सरळ रांगेत, आणि पुढच्या वाक्यासाठी पेन कागदावर टेकवून थांबली. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं त्यांना वाटायचं, मुंगी भेटेल, आपण माफीचं एक वाक्य बोलू आणि मोकळ्या होऊ. आता ते वाक्यच उरलं नव्हतं. पण तोंडातली जुनी गुळगुळीत उत्तरंही उरली नव्हती, आणि त्या रिकामपणाची भीती वाटत असतानाच त्यांना वाटलं, उत्तरं देण्याऐवजी इथूनच काहीतरी विचारता येईल... कुणाला, ते अजून कळत नव्हतं.