ऑर्विल लिंडक्विस्टचा शेवटचा मंगळवार

पहिल्या वर्षी टेस हॅल्व्हर्सनला झाडून साऱ्या मेडिकल कॉलेजांनी नकार दिला. पत्रं इतकी गोड होती की त्यातली दोन वाचून तिच्या आईला वाटलं, पोरीचा नंबर लागला. अमेरिकेतल्या मिनेसोटात नाही म्हणायची रीतच ती. नकार गिळून टेस, जिथून पदवी घेतली होती त्या कॉलेजातल्या सल्लागार बाईंना, मिसेस प्रुइटना, जाऊन भेटली.

बाईंनी अर्ज चाळला. "मार्क छान आहेत. प्रयोगशाळेतलं काम छान आहे. पण यात माणूस कुठाय?"

"मी आहे की."

"तू नाही गं. दुसरं कुणीतरी. आजारी."

तर दुसऱ्यांदा अर्ज करणारी पोरं तिकडे अशी आजारी माणसं शोधत फिरतात. कुणी ॲम्ब्युलन्सवर जातं, कुणी इस्पितळात व्हीलचेअर ढकलतं, आणि प्रत्येक तासाची नोंद ठेवतं. टेसच्या वाट्याला हॉस्पिस आलं. ज्यांचे थोडेच महिने उरलेत असं डॉक्टर लिहून देतात, त्यांच्या घरी हॉस्पिसची नर्स जाते, औषधं जातात, आणि गप्पा मारायला एक स्वयंसेवक जातो. टेसला मिळाले ऑर्विल लिंडक्विस्ट. वय शहाऐंशी, हृदय थकलेलं, आयुष्य गुरांचे लिलाव पुकारण्यात गेलेलं. बायको वारली होती, मुलगी लांब ॲरिझोनात. ते म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या इमारतीत दोन खोल्यांत एकटे राहत.

पहिल्याच मंगळवारी त्यांनी विचारलं, "मेडिकल कॉलेजसाठी आलीस का?"

"हो," टेस म्हणाली. खोटं बोलायचं तिला सुचलंच नाही.

"तुझ्याआधीचाही त्यासाठीच यायचा. लागला नंबर, गेला निघून." त्यांनी पत्ते तिच्याकडे सरकवले. "बस. माझा पायगुण चांगला आहे."

त्यांचे हात कापायचे, म्हणून नखं वाढलेली असायची. स्वयंसेवकाने कात्री लावायची नाही, असा हॉस्पिसचा नियम होता. मग टेस ती नुसती घासून द्यायची. एका हाताला अख्खी दुपार जायची.

"बैलाच्या खुरांनासुद्धा एवढा वेळ लागत नाही," ऑर्विल कुरकुरायचे आणि दुसरा हात पुढे करायचे. हिवाळा असा गेला.

मे महिन्यात त्यांनी अंथरूण धरलं. खाणं सुटलं. मुलगी विमानाने आली, चर्चचे पाद्री येऊन गेले, नर्स हळू आवाजात बोलू लागली. इकडे अर्ज भरायचे दिवस आले. जो लवकर पाठवतो त्याचं भलं होतं, हे तिथे पाळण्यातल्या पोराला ठाऊक. टेसने निबंधात ऑर्विलच्या नखांबद्दल लिहिलं होतं. मिसेस प्रुइटनी त्यावर काट मारली.

"नखांनी कुणी डॉक्टर होत नाही, टेस. याला शेवट हवा."

"शेवट अजून झाला नाहीये."

"होईल ना गं," बाई मायेने म्हणाल्या. "अर्ज एकदा पाठवला की अक्षर बदलता येत नाही. तेव्हा आत्ताच लिहून टाक."

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! टेसने लिहिलं. शेवटच्या मंगळवारी खिडकीतून ऊन आत आलं, ऑर्विलनी तिचा हात धरला, "थँक यू, टेस" म्हणाले आणि शांतपणे गेले. मिसेस प्रुइटनी डोळे पुसले. अर्ज पहिल्याच दिवशी गेला.

पुढच्या मंगळवारी टेस काळा ड्रेस घालून, मन घट्ट करून गेली. ऑर्विल उशीला टेकून पॅनकेक खात होते.

"मुलगी रडून रडून दमली, गेली परत," ते म्हणाले. "तो सिरप दे इकडे."

देव तारी त्याला कोण मारी. पण देवानेही नेमका हाच मुहूर्त धरावा? जूनमध्ये ते काठी घेऊन चालू लागले. जुलैत शेजारणीशी भांडले. ऑगस्टमध्ये हॉस्पिसने त्यांचं नाव काढून टाकलं, कारण हा माणूस मरायच्या बेतात आहे असं आता कुठलाच डॉक्टर लिहून देईना. नर्सांनी केक आणला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, टेसनेही वाजवल्या.

आता तिथले तास कुठे धरले जाणार नव्हते. कात्रीचा नियमही लागू नव्हता. पुढच्या मंगळवारी टेस पर्समध्ये नेलकटर घालून गेली.

या वर्षी बोलावणं एकाच कॉलेजचं आलं. नोव्हेंबरात मुलाखत. दोनदा हात हलवत परत आलेल्याला तिसऱ्यांदा कुणी दारात उभं करत नाही, म्हणजे जे काय व्हायचं ते इथेच. टेसचा चेहरा बघून ऑर्विलनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा तिने फोनवर निबंध उघडून त्यांच्या हातात दिला. त्यांनी भिंग लावून शेवटपर्यंत वाचला.

"छान मेलोय," ते म्हणाले. "पण ऊन कुठून आलं? ही खिडकी उत्तरेला आहे."

टेसने खिडकीकडे पाहिलं.

"आणि थँक यू? बायकोला जन्मात कधी म्हणालो नाही, तुला कशाला म्हणेन?"

"माझं चुकलं, मिस्टर लिंडक्विस्ट. तुम्ही जाणार असं सगळेच म्हणत होते."

"मलाही तसंच सांगितलं होतं." त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "नोव्हेंबर म्हणालीस ना? बघतो, जमलं तर."

टेस हसली आणि हसता हसता रडायला लागली.

"रडतेस काय वेडे! म्हातारी गाय तरणी म्हणून मी किती वेळा खपवली असेल. विचारलं तर मेला म्हणून सांग. माझी परवानगी आहे. मेलेला माणूस तक्रार करत नाही."

ऑक्टोबरात एका दुपारी शेजारणीचा फोन आला. ऑर्विलना सडकून ताप भरला होता. टेस किल्ल्या घेऊन धावली, गाडीत बसली, आणि तिच्या मनात पहिला विचार आला, मुलाखतीच्या आधी होईल की नंतर? आधी झालं तर बरं.

"शी!" ती मोठ्याने म्हणाली. गाडीत दुसरं कुणी नव्हतं. तिला स्वतःची किळस आली, आणि मग खूप भीती वाटली, कारण तो विचार तिने ओढून आणला नव्हता, आपसूक आला होता.

पोचली तेव्हा ऑर्विल सूप पीत होते. ताप उतरला होता.

"नाही जमलं," ते ओशाळून म्हणाले.

मुलाखत घेणाऱ्या डॉक्टर ॲबरनॅथी साठीच्या बाई होत्या, चष्मा गळ्यात साखळीला अडकवलेला. त्यांनी टेसला कॉफी विचारली, मार्कांबद्दल विचारलं, मग फाईल मिटली.

"तुमचा निबंध आम्हा सगळ्यांना आवडला. मिस्टर लिंडक्विस्ट गेले, वाईट वाटलं. त्यांची मुलगी कशी आहे आता?"

नुसतं 'बरी आहे' म्हटलं असतं तरी भागलं असतं. खोटंही नव्हतं ते. मुलगी अगदी धडधाकट होती.

"ते गेलेले नाहीत," टेस म्हणाली. "आज त्यांच्या इमारतीत पत्त्यांचा सामना आहे."

डॉक्टरबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. टेसने सगळं सांगितलं. काळा ड्रेस, पॅनकेक, केक, उत्तरेची खिडकी. मग म्हणाली, "गेल्या महिन्यात त्यांना ताप आला, तर मला आधी या मुलाखतीची तारीख आठवली आणि मग ते आठवले. डॉक्टर करायच्या आधी हे तुम्हाला माहीत असावं."

बाईंनी कॉफीचा कप बाजूला सारला.

"म्हणजे हॉस्पिस ऑगस्टमध्येच सुटलं. तास धरले जात नाहीत. मग अजून कशाला जाता?"

असा प्रश्न येईल म्हणून टेसने काही तयारी केली नव्हती. "त्यांचे हात कापतात," ती म्हणाली. "नखं कोण काढणार?"

"हे निबंधात का नाही?"

"होतं. काढायला लावलं."

बाईंनी फाईल पुन्हा उघडली आणि काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते टेसला उलटं वाचता आलं नाही. "कळवू आम्ही," त्या म्हणाल्या, अगदी गोड आवाजात. मिनेसोटात गोड आवाज म्हणजे काय ते टेसला ठाऊक होतं.

बाहेर पायऱ्यांवर बर्फ साचला होता. तिने फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"काय झालं?" ऑर्विलनी विचारलं. "मेलो का मी?"

"नाही."

"गाढव आहेस." मागे पत्ते आपटल्याचा आवाज आला, कुणीतरी त्यांना ओरडलं. त्यांनी फोनवर हात ठेवला, मग काढला. "मंगळवारी येशील ना? पायाची राहिलीत."

"येते," टेस म्हणाली.