लाइटीतली डॉक्टर

“तू बोल पोरी. तू लाइटीतली डॉक्टर हायस,” म्हणत ट्रॅक्टरवाला मल्लिनाथ निखतच्या आधी स्वतःच वीज कंपनीच्या साहेबाच्या केबिनमध्ये घुसला.

निखत अजून डॉक्टर झालेली नव्हती. उमरग्यात बी.एस्सी. करून ती आता मुंबईत ऊर्जा धोरणावर पीएचडी करत होती. जळकोटजवळच्या वस्तीनं त्यातलं एवढंच ध्यानात ठेवलं, की वजीर गिरणीवाल्याची पोरगी लाइटीचं शिकते. ती सुट्टीला आली की लोक बिलं घेऊन दारात हजर.

आता वस्तीचा डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळून आठवडा झाला होता. वजीरची गिरणी बंद, दळणाची पोती तशीच पडून. नियमानं नवा डीपी वस्तीवर आणून बसवायचा असतो. प्रत्यक्षात वर्गणी काढून, जळका डीपी ट्रॉलीत घालून गावानंच हेलपाटे मारायचे. नियम लिहिणाऱ्यांच्या घरी इन्व्हर्टर असतो, त्यांना काय फरक पडतो?

त्यात आज निखतची फेलोशिपची ऑनलाइन मुलाखत. फेलोशिप मिळाली तर पीएचडी पुरी, नाहीतर घरी. वस्तीत लॅपटॉप चार्ज होईना, म्हणून नवा ड्रेस घालून तीही वजीरसोबत डीपीशेजारी ट्रॉलीत बसून आली होती.

“कुठल्या विभागात आहात?” साहेबानं विचारलं.

“ऊर्जा धोरण.”

“धोरण मुंबईत. इथं डीपीत घालायला ऑइल न्हाय.” मग मुंबईच्या मोठ्या लोकांपुढं मुलाखत आहे हे कळलं तसा साहेब विरघळला. “बसा की मॅडम, माझ्याच टेबलावर बसा. स्टोअरला एक डीपी आलाय, देतो तुम्हाला. फक्त आमच्याबद्दल चांगलं बोला.”

लॅपटॉप सुरू झाला. पडद्यावर तिघं. वजीर दारात उभा राहिला. मल्लिनाथ निखतच्या खुर्चीमागून हलायला तयार नव्हता.

“तुमच्या मागे कोण आहेत?” पडद्यावरच्या सरांनी विचारलं.

“हितधारक आहेत, सर.”

मल्लिनाथ फुलला. “गावात मला इतकं चांगलं कुणी म्हणलं न्हाय बगा!”

तिघंही हसले. मुलाखत रंगली. निखत घडाघडा बोलत होती, वजीर एकेका उत्तराला मान डोलवत होता. मग पडद्यावरच्या मॅडमनी चष्मा चढवला.

“ग्रामीण भागात जळालेलं रोहित्र, म्हणजे तुमचा डीपी, दोन दिवसांत बदलला जातो. तुमच्या प्रस्तावात तुम्ही हे फक्त कागदोपत्री आहे म्हणता. आधार काय? त्या नियमाचा मसुदा मी लिहिलाय.”

साहेबानं ओठांवर बोट ठेवलं. दुसऱ्या हातात स्टोअरची किल्ली वर धरली. वजीर किल्लीकडे बघत होता. निखतनं ते पाहिलं.

“मसुदा छान आहे, मॅडम,” ती म्हणाली. “पण आमचा डीपी बाहेर ट्रॉलीत आहे. आठवडा झाला. ट्रॅक्टर गावाचा, डिझेल गावाचं.”

“आन् उचलताना मोडलेली कंबर माजी!” मल्लिनाथ ओरडला.

“हे एक उदाहरण झालं. आकडेवारी हवी,” मॅडम म्हणाल्या. “कळवतो आम्ही.”

पडदा काळा झाला. साहेबानं किल्ली खिशात टाकली. “वरून फोन आलाय. डीपी दुसऱ्या गावाला चाललाय.”

फोन वाजलाच नव्हता.

“एक डाव खोटं बोलली असतीस तर तोंडाला फोड आला असता व्हय?” मल्लिनाथनं बाहेर येऊन रागारागात ट्रॅक्टरला किक दिल्यासारखी किल्ली पिळली. इंजिन सुरू झालं. मग त्यानं मान वळवली. “आगं, त्या हितधारकाला पगार असतो का?”

निखतला हसूही येईना. “अब्बा, गिरणी...”

जळक्या डीपीचं तेल ट्रॉलीभर पसरलं होतं. वजीरनं खांद्यावरचा रुमाल झटकला, तेलावर अंथरला, चारी कोपरे नीट ओढले.

“बैस, बेटी. ड्रेस नवा हाय.”

ती बसली. तो शेजारी तेलातच बसला. हायवेला लागेपर्यंत तेल रुमालातून वर आलं. दोघंही उठले नाहीत.