निळ्या कोटातलं नाक

"पाठ सरळ ठेव, कर्नल बघतायत." लहानपणी जेवायला बसलं की आधी बाबांचा हा आवाज यायचा, उकडलेल्या बटाट्यांचा वास मागाहून. कर्नल म्हणजे भिंतीवरचं जुनं तैलचित्र. निळा कोट, पांढऱ्या केसांचा टोप, आणि दोनशे वर्षं शिंक अडवून धरल्यासारखं भलंथोरलं नाक. खाली नाव नाही, सही नाही. त्यामुळे हुद्दा बाबांनीच दिला, आणि कर्नलपदापर्यंतच्या बढत्याही.

"आमचे पूर्वज," बाबा पाहुण्यांना सांगत आणि चित्राशेजारी चेहरा एका बाजूला वळवून उभे राहत. नाक हुबेहूब तेच. बाबांसारख्या लाकडाच्या व्यापाऱ्याला आणखी काय पुरावा हवा?

ऑगस्टात तळ्यातल्या शेवंडांची मेजवानी असे. शेपूचा घमघमाट, गळ्यात फडकी, डोक्यावर कागदी टोप्या; आणि पहिला प्याला कर्नलना. एका साली मी तोर्विदला आणलं. तो शाळेत गाणं शिकवायचा. त्याच रात्री आमचा साखरपुडा जाहीर व्हावा, एवढंच मला हवं होतं.

"मुलगा बरा आहे गं, हिल्दूर," बाबा स्वयंपाकघरात कुजबुजले, "पण नाक आहे की बटण? कर्नलच्या डोळ्यांदेखत मी काय जाहीर करू?"

"तुम्ही टोपी सरळ करा आधी," मी म्हटलं.

त्यांनी तोर्विदला दाराजवळ, थेट वाऱ्यात बसवलं.

प्याले उचलले गेले. आमच्याकडे पिण्याआधी समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, पिऊन झाल्यावर पुन्हा बघायचं. सगळ्यांनी कर्नलकडे पाहिलं. आजी, बाबांची आई, दरवर्षीसारखी ताटात बघत राहिली. घरात कुणी तिला कधी कारण विचारलं नव्हतं. तोर्विदला हे कुठून ठाऊक असणार!

"आजी, तुमचं कर्नलशी भांडण आहे का?"

बाबांचा चमचा थबकला. आजीने बोटांचा शेपू पुसला आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा मान वर करून चित्राकडे पाहिलं. पाण्यात पडलेल्या चांदण्याकडे बघावं तशी.

"कसला कर्नल रे! भिंतीला ओल आली होती, डाग झाकायला लिलावातून आणलं. कोण, कुठला, विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं. गाडीतून उतरवताना खुंटीला अडकलं नि नाकच फाटलं. तेव्हा चर्चचं छत रंगवायला एक रंगारी आला होता. म्हणाला, लावतो नवं, पण नमुना द्या."

"आई, लोक बसलेत," बाबा म्हणाले.

"बसू देत. तू पाळण्यात होतास. तुझा बाप कोळशाच्या भट्टीवरून आला होता, काळाकुट्ट. त्यालाच धुऊन बसवलं स्टुलावर. हे नाक त्याचं आहे. त्या कोटातून तोच बघतो माझ्याकडे; मग कर्नल म्हणून त्याच्या नावाने प्याला कसा उचलू मी? आता त्या पोराला दारातून उठव आणि इथं माझ्याजवळ बसव."