तंगुसाच्या गाठी

शांतीच्या पोटावरची जखम पुन्हा उघडली म्हणून तिचा नवरा दाजी तिला रिक्षात घालून पेणला माझ्या दवाखान्यात घेऊन आला, तेव्हा माझं डोकंच फिरलं. पण दिवसभर ऑपरेशनं करून ओरडायलाही जीव उरला नव्हता.

ही धरमतरच्या खाडीकडची मासे धरणारी माणसं. बाळंतपणात शांतीचं पोट दुसऱ्या दवाखान्यात फाडलं आणि रेशमाच्या दोऱ्यानं शिवलं. रेशीम पिळाचं. त्या पिळात जंतू एकदा शिरले की हटता हटत नाहीत. पू व्हायचा, थांबायचा, परत व्हायचा. वास येतो म्हणून सासूनं, गिरजाबाईनं, तिचं अंथरूण पडवीत टाकलं आणि तान्ही पोर आपल्याकडे घेतली. पोर आता रांगायला लागली होती, तरी शांतीच्या हाती देत नव्हते.

मी ते रेशीम वेचून काढलं, जखम निवळू दिली आणि मग एकपदरी नायलॉननं शिवली. त्यात जंतूंना लपायला जागा नसते. "हा तर आमचा जाळ्याचा तंगूस," दाजी तेव्हा खूश होऊन म्हणाला होता.

आता पट्टी काढली, तर कडेचे टाके सुटलेले. नायलॉनची गाठ निसरडी, म्हणून टोकं लांब ठेवते मी. ती टोकंच गायब.

"कुणी कापली रे?"

"मीच. तिला टोचत व्हती. जाळ्याची कापतो तशी गाठीलगत कापली."

"जाळ्याच्या गाठीला वर चटका देऊन ती वितळवतोस ना? म्हणून टिकते ती."

"उदबत्ती पेटवली व्हती बाय," तो खाली बघत म्हणाला. "तिच्या पोटावर चटका द्यायचा धीर नाय झाला."

कपाळाला हात लावला मी.

गिरजाबाई दारातच उभी, पोर कडेवर, पदर नाकाला. "झाला ना परत पू?" शांतीनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

मी जखम नीट बघितली. लालबुंद, कोरडी. पुवाचा थेंब नाही.

"या इकडे. वास घ्या."

गिरजाबाई हलेना. मी सरळ मनगट धरून तिला आणलं. बाजारात मासळी पारखावी तशी ती वाकून हुंगत राहिली.

"नाय येत गो," ती हळूच म्हणाली, आणि पोर शांतीच्या कुशीत ठेवली.

पोरीनं एकदा आईकडे बघितलं आणि आजीकडे हात पसरून टाहो फोडला. गिरजाबाई तिला उचलायला वाकली.

शांतीनं सासूचा हात बाजूला केला. "ऱ्हाऊ दे, आत्ये. माज्याजवळ रडू दे तिला."