गोटा म्हणू नका

मी वरवंटा बोलतोय. गोटा नव्हे, धोंडा नव्हे, वरवंटा. आमच्या वऱ्हाडात वरोटा म्हणतात, तेही चालेल. सध्या माझा मुक्काम देऊळघाटला, किसनरावांच्या घरी, देवघराशेजारच्या कोनाड्यात आहे. जागा ऐसपैस आहे, अंगात अंगडंही आहे. तरी माझा राग उतरलेला नाही, आणि तो का उतरला नाही हे तुम्हाला ऐकून घ्यावं लागेल.

एका पाथरवटानं मला आणि पाट्याला एकाच काळ्या दगडातून घडवलं. किसनच्या मायनं बाजारात आम्हाला हात फिरवून पाहिलं आणि घरी आणलं. साऱ्या गावाचा तो किसनराव असेल, मी त्याला किसनच म्हणणार. मी त्याचा मोठा भाऊ आहे.

हसू नका. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात कोण निजतं? वरवंटा. मला न्हाऊ घालतात, तेल लावतात, अंगडं-टोपडं चढवतात आणि 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत पाळण्यावरून, पाळण्याखालून या हातातून त्या हातात देतात. लेकरू माझ्यासारखं टणक व्हावं, एवढीच आयाबायांची इच्छा. रुखमाच्या आधी मी निजलो, मग तिच्या पाठच्या किसनच्या आधीही मीच. म्हणजे ती दोघं माझी सख्खी भावंडं झाली.

किसन लहान असताना त्यानं आंब्याची कोय फोडायला मला उंबऱ्यावर आपटलं. कोय घरंगळली आणि टवका माझा उडाला. 'माह्या हातून झालं' म्हणून मार खाल्ला रुखमानं. पुढे ती वाटायला बसली की तिचा अंगठा नेमका त्या खळगीत बसायचा.

तिच्या लग्नात मायनं आम्हा दोघांना, पाट्याला आणि मला, तिच्यासोबत साखरखेर्ड्याला धाडलं. ठेचा, शेंगदाण्याची चटणी, सणासुदीचं पुरण, सगळं आम्ही वाटलं. तिच्या शिवमच्या आधीही पाळण्यात मीच निजलो. हाच शिवम मोठा झाला, शहरात नोकरीला लागला, घरी मिक्सर घेऊन आला आणि पाट्याला मोरीत सिमेंटनं बसवून त्याच्यावर कपडे आपटायला लावले. ज्याच्यावरचं पुरण खाऊन वाढला, त्याच्यावर साबणाचं पाणी!  मला मात्र उचलून रुखमानं आपल्या पेटीशेजारी ठेवलं.

मग शिवमला लेक झाली, छकुली. बारसं संभाजीनगरला, हॉलमध्ये. रुखमाचा नवरा तोवर वारला होता. तिनं मला घासूनपुसून तेल लावलं, हातानं शिवलेलं नवं अंगडं सोबत घेतलं, मला पिशवीत घातलं आणि जालन्याला गाडी बदलून एकटी तिथं पोचली. त्या वयात, ते दुखणारे गुडघे घेऊन. हॉलमध्ये फुगे होते, फोटोवाला होता, केक होता. नव्हती ती फक्त माझी जागा. शिवम तिला बाजूला घेऊन म्हणाला की एवढा मोठा दगड बाळाजवळ कशाला, लोक हसतील. रुखमानं पिशवीचं तोंड बांधलं आणि जेवण होईपर्यंत मला खुर्चीखाली ठेवलं. परत आल्यावर फोनवर किसनला एवढंच म्हणाली, "वरोटा लई जड झाला रे बाबू आता." माझ्यात लोकांना हसण्यासारखं काय होतं, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

त्यानंतरच्या थंडीत रुखमा गेली.

घर माणसांनी भरलं. येणारा प्रत्येक जण आधी रडत होता, मग चहा घेत होता आणि मग या जागेवर दुकानाचे गाळे किती निघतील याचा अंदाज बांधत होता. दार वाऱ्यानं आपटत होतं. कोणीतरी मला पेटीशेजारून उचललं आणि दाराच्या बुडाशी लावलं. तेरवीपर्यंत मी तिथंच होतो. ज्या बहिणीच्या आधी पाळण्यात निजलो, तिच्या दुःखाला आलेल्यांच्या चपला माझ्या अंगावर पडत होत्या.

तेरवी आटोपली. शिवम घराला कुलूप लावून शहरात परतणार होता. किसन निरोप घ्यायला घरभर फिरला. तिच्या खाटेवर बसला, तिच्या चुलीच्या जागी उभा राहिला. आठवण म्हणून काही न्या, असं शिवम म्हणाला, तर त्यानं नको म्हणून मान हलवली. डोळे पुसत बाहेर निघाला आणि त्याच्या पायाची बोटं माझ्यावर ठेचाळली.

"कोनं ठेवला बे हा गोटा इथं?"

माझा भाऊ! इतरांचं सोडा, तोही गोटाच म्हणाला. मला जीभ असती तर तिथंच त्याची हजामत केली असती. पण मला बाजूला सारायला तो वाकला आणि त्याचा अंगठा खळगीत गेला. मग तो उंबऱ्यावरच बसला, मला मांडीवर घेतलं आणि लहान पोरासारखा रडला.

"शिवम, याले दारात कोनं लावलं?"

"दार आपटत होतं मामा. गोटाच तर आहे."

"गोटा नको म्हनू. तुह्या आधी पाळण्यात हा निजला, माह्या आधी बी हाच. आपला मोठा भाऊ हाय हा. मोठ्या भावाले कोनी दाराच्या बुडाशी ठेवते काय?"

 शिवमची बायको अश्विनी छकुलीला कडेवर घेऊन आत गेली आणि एक लहानसं हिरवं अंगडं घेऊन आली. म्हणाली, "आईंच्या पेटीत हे सापडलं. छकुलीचं समजून मी तिला घालून पाहिलं, तर घालताच येईना. याला बाह्याच नाहीत."

किसननं ते माझ्या अंगात घातलं. घालून पाहायची गरज नव्हती. ते माझ्याच मापाचं होतं.

त्यानं मला पिशवीत ठेवलं, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि घराला म्हणाला, "येतो आक्का." मोरीत कोणी तरी पाणी ओतत होतं. पाट्याची माझी भेट झाली नाही. तो सिमेंटमधून निघणार नाही, आणि त्याच्याशिवाय मी आता काही वाटणारही नाही.

"द्या मामा, स्टँडपर्यंत मी घेतो," म्हणत शिवमनं पिशवी घेतली. बाजार येईपर्यंत त्यानं एकदा हात बदलला. पुढे पुन्हा बदलला.

"लई जड आहे हो मामा."

किसन चालता चालता म्हणाला, "हाव. तुही माय हेच घेऊन तुह्याकडं आलती. एकटी. अन् तसंच परत घेऊन गेली."

शिवम रस्त्यात थांबला. मग त्यानं पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि मान खाली घालून चालायला लागला. त्यानंतर स्टँड येईपर्यंत त्यानं हात बदलला नाही. तोही माझाच धाकटा भाऊ. मला त्याची दया यायला हवी होती. पण खरं सांगतो, त्या रस्त्यावर मला एकच वाटत होतं, मी आणखी जड असायला हवा होतो.